माकलीचं ‘काळीज’ आणि ओमेगा-३ : फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या कितीतरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आहे, भिशीच्या ग्रुपवर आहे, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवरही आहे. ‘माकलीचं काळीज फेकू नका!’ अशी त्याची सुरुवात. माकली म्हणजे हॉटेलात मिळते ती स्क्विड. पुढे पाच दावे आहेत. एक, माकलीचं काळीज म्हणजे घरचं कॉड लिव्हर ऑइल, व्हिटॅमिन ए आणि डी भरपूर. दोन, त्या काळजात निम्मं तेल असतं आणि ते सगळं ओमेगा-३ असतं. तीन, समुद्रातली चरबी असल्यामुळे त्यात कोलेस्टेरॉल शून्य. चार, परदेशात याच काळजाच्या कॅप्सूल महाग विकतात, आपण तव्यावर परतून खाल्लं तर तेच मिळतं. पाच, जपानी लोक ते खातात म्हणून त्यांना हार्ट अटॅक येत नाही, तेव्हा रोज दोन चमचे खा, ब्लॉकेज मोकळे होतील.

मी बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि चरबीचं रसायन हा माझा रोजचा विषय आहे. हा मेसेज निव्वळ थाप असती तर सोडून दिला असता. पण यातल्या जवळपास प्रत्येक दाव्यात खऱ्याचा एक तुकडा आहे आणि त्यामुळेच शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतायत. त्यातला चौथा दावा तर एखाद्याच्या किडनीवर बेतू शकतो. म्हणून सविस्तर लिहितो.

‘घरचं कॉड लिव्हर ऑइल’

आधी हे काळीज म्हणजे नेमकं काय, ते पाहू. माकली (कुणी माकूल म्हणतं) साफ करताना एका हाताने नळीसारखं अंग धरायचं आणि दुसऱ्या हाताने डोकं हळू ओढायचं. डोक्याबरोबर आतला सगळा ऐवज एकत्र बाहेर येतो. त्यात चांदीसारखी चकाकणारी बारीक पिशवी दिसते ती शाईची. तिला चिकटून एक लांबट, मऊ, पिवळट-तपकिरी गोळा असतो. अंगठ्याचा जरा दाब पडला की तो फुटतो आणि बोटांवर तपकिरी, तेलकट, उग्र वासाचा रस पसरतो. आपल्या बाजारात येणारी माकली बहुतेक वेळा वीतभर किंवा त्याहून लहान असते आणि तिच्यातला हा गोळा जेमतेम चमचाभर भरतो. मेसेजमधलं ‘काळीज’ ते हेच.

शास्त्रात त्याला पाचक ग्रंथी म्हणतात. बोकडाचं यकृत जी कामं करतं त्यातली काही ही ग्रंथी करते, पण तिचं मुख्य काम वेगळं आहे. ती पाचक रस तयार करते, पचलेलं अन्न शोषून घेते आणि नको असलेलं बाहेर टाकते. म्हणजे यकृत, स्वादुपिंड आणि आतड्याचा काही भाग यांची कामं एकाच अवयवात आली आहेत.

कॉड माशाची गोष्ट निराळी. त्याच्या मांसात चरबी नगण्य असते आणि सगळी साठवण यकृतात होते. ए आणि डी ही व्हिटॅमिनं चरबीत विरघळणारी, त्यामुळे ती तिथेच साठतात. म्हणूनच कॉड लिव्हर ऑइलच्या एका चहाच्या चमच्यात साधारण १,३५० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए आणि ४५० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) व्हिटॅमिन डी भरतं. प्रौढ पुरुषाची दिवसाची व्हिटॅमिन एची गरज ९०० मायक्रोग्रॅम धरतात. दुसऱ्या महायुद्धात हे तेल बाहेरून येणं अवघड झालं तेव्हा आपल्याकडे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल काढायचे कारखाने उभे राहिले, तेही व्हिटॅमिन एसाठीच. माकलीच्या तेलाची ख्याती व्हिटॅमिनांसाठी नाही, तिच्यातल्या फॅटी ॲसिडांसाठी, म्हणजे चरबी ज्या घटकांची बनते त्यांच्यासाठी, आहे. एका प्राण्याच्या यकृताचे गुण दुसऱ्याच्या ग्रंथीला चिकटवता येत नाहीत.

व्हिटॅमिन एच हवं असेल तर कोल्हापूरकराला माकली शोधत फिरायची गरज नाही. १०० ग्रॅम कच्च्या मेंढीच्या काळजात ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर व्हिटॅमिन ए असतं. हे प्रमाण इतकं मोठं आहे की गरोदर बाईने काळीज आणि कॉड लिव्हर ऑइल दोन्ही टाळावं असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते, कारण व्हिटॅमिन एचा अतिरेक गर्भाला बाधतो. मेसेजमध्ये ‘गरोदर बायकांसाठी वरदान’ अशीही एक ओळ आहे. पुढे पाठवण्याआधी निदान तेवढी ओळ तरी पुसा.

‘निम्मं तेल, आणि ते सगळं ओमेगा-३’

हा दावा वाचून मी चकित झालो, कारण तो कुठून आला असेल याचा अंदाज करता येतो. काही स्क्विडांच्या ग्रंथीत खरोखरच प्रचंड चरबी असते. पण जगात स्क्विडच्या शेकडो जाती आहेत आणि ‘स्क्विडच्या यकृतात अमुक टक्के चरबी’ असं एक उत्तर कुणालाच देता येत नाही. खोल आणि थंड समुद्रात लांबवर पोहणाऱ्या जातींच्या ग्रंथीत तीस-चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त चरबी सापडते. जपानी आणि अर्जेंटिनाच्या बाजारातली स्क्विड या गटातली. आपल्या कोकण किनाऱ्यावर मिळणारी माकली मात्र किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातल्या वेगळ्या कुळातली आहे. लोलिगिनिड हे त्या कुळाचं नाव. या कुळात ग्रंथीही तुलनेने लहान आणि तिच्यातली चरबीही बरीच कमी.

असं का, यावर १९९८ साली ऑस्ट्रेलियात एक नेटकं संशोधन झालं. त्यात याच कुळातल्या दोन जाती घेतल्या होत्या. त्यातली एक, सेपिओट्यूथिस लेसोनियाना, आपल्याही समुद्रात आढळते. प्रश्न असा होता की या ग्रंथीतली चरबी पुढच्या उपाशी दिवसांसाठी ठेवलेली पुंजी आहे, की खाल्लेल्यातली जास्तीची चरबी बाहेर टाकण्याआधी तिथे थांबलेली आहे? निष्कर्ष दुसऱ्या बाजूने निघाला. माकली जगते प्रथिनांवर. वाढ, पोहणं, अंडी घालणं, सगळा खर्च ती मुख्यतः प्रथिनांतून भागवते आणि चरबी जाळून ऊर्जा मिळवण्यात ती कच्ची आहे. त्यामुळे अन्नातून आलेली जास्तीची चरबी ग्रंथीत येते आणि बरीचशी तशीच निघून जाते.

या एका गोष्टीने मेसेजचा पायाच हलतो. ग्रंथीतली चरबी माकलीने स्वतः घडवलेली नसते, तिने गेल्या काही दिवसांत काय खाल्लं त्याचा तो उतारा असतो. लहान मासे खाल्ले तर एक प्रकार, कोळंबी-जवळा खाल्ला तर दुसरा. दक्षिण महासागरातल्या स्क्विडांवर काम करणाऱ्या संशोधकांनी याचा उलटा उपयोग करून घेतला. पोट रिकामं असलेली स्क्विड हाती लागली तरी तिच्या ग्रंथीतली फॅटी ॲसिडं मोजून ती काय खात होती याचा माग ते काढतात. त्या अभ्यासांमध्ये अंगाच्या मांसातली चरबी जवळपास तशीच राहते, ग्रंथीतली मात्र जागेप्रमाणे आणि आहाराप्रमाणे बदलते. मला हे फार सुंदर वाटतं. एका बोटभर अवयवात एखाद्या समुद्राची अन्नसाखळी वाचता येते! पण जे इतकं बदलतं, त्याचा ‘रोज दोन चमचे’ असा डोस ठरवायचा कसा?

आता ‘सगळं ओमेगा-३’ याबद्दल. ग्रंथीची चरबी काढून वेगळी केली तर त्यात अनेक गट सापडतात. बऱ्याच जातींत सर्वांत मोठा गट ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे आपल्या शेंगदाणा तेलात असतो तोच प्रकार. शिवाय फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, सुटी फॅटी ॲसिडं. उत्तर प्रशांत महासागरातल्या बेरीट्यूथिस मॅजिस्टर नावाच्या स्क्विडच्या ग्रंथीत तर डायॲसिल ग्लिसरिल ईथर हा वेगळाच प्रकार भरपूर सापडतो. तो काही जातींच्या मुशीच्या यकृतातही असतो. जपानी रसायनतज्ज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे.

या चरबीतली फॅटी ॲसिडं वेगळी केली की त्यात पामिटिक असतं, ओलिक असतं, वीस आणि बावीस कार्बनची एकाच दुहेरी बंधाची लांब ॲसिडंही असतात. ही लांब ॲसिडं मुळात कोपेपॉड या सूक्ष्म समुद्री जीवांची, तिथून लहान माशांत आणि माशांतून स्क्विडमध्ये आलेली. आणि मग येतात ईपीए आणि डीएचए, म्हणजे आपण ज्यांना ओमेगा-३ म्हणून ओळखतो ती. ती चांगल्या प्रमाणात असतात, यात वाद नाही. पण ‘सगळं’ ओमेगा-३ असलेलं नैसर्गिक तेल कुठल्याच प्राण्यात नसतं. बाजारातल्या साध्या फिश ऑइलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून साधारण तीस टक्के असतात, कॉड लिव्हर ऑइलमध्ये वीस टक्क्यांच्या आतबाहेर. साठ-सत्तर टक्क्यांची कॅप्सूल असते ती कारखान्यात मुद्दाम दाट केलेली.

आणि ज्याच्यासाठी हा आटापिटा, ते ओमेगा-३ माकलीच्या साध्या मांसातच आहे. १०० ग्रॅम कच्च्या माकलीच्या मांसात एकूण चरबी दीड ग्रॅमच्या आत आणि प्रथिनं साडेपंधरा ग्रॅम. त्या दीड ग्रॅमात डीएचए सुमारे ०.३४ ग्रॅम आणि ईपीए ०.१५ ग्रॅम. दोन्ही मिळून अर्धा ग्रॅम झाला. निरोगी माणसासाठी बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाला पाव ते अर्धा ग्रॅम पुरेसा मानतात. म्हणजे ताटात वाढलेल्या त्या पांढऱ्या कड्यांनीच काम झालेलं असतं.

‘कोलेस्टेरॉल शून्य’

हे साफ खोटं आहे आणि याला फार वेळ द्यायची गरज नाही. कोलेस्टेरॉल प्रत्येक प्राण्याच्या पेशीत असतं, तो प्राणी डोंगरावर राहो की समुद्रात. माकलीच्या १०० ग्रॅम मांसातच ते सुमारे २३३ मिलिग्रॅम असतं, एका मोठ्या अंड्यापेक्षा जास्त. ग्रंथीच्या तेलातही ते असतं. इतकं की कोळंबी संवर्धनाच्या खाद्यात स्क्विड लिव्हर पावडर घालतात, त्याचं एक कारणच ते आहे. कोळंबीला स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करता येत नाही, ते अन्नातून द्यावं लागतं.

म्हणून माकली खाऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. उलटा मेसेजही अधूनमधून येतो, ‘माकली खाल्ली की कोलेस्टेरॉल वाढलंच’, आणि तोही अर्धवट आहे. बहुतेक माणसांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने (तूप-लोण्यात भरपूर असते ती) जास्त वाढतं आणि माकलीच्या मांसात संपृक्त चरबी अगदी कमी असते. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शनातून रोजची ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढली गेली, ती याच विचाराने. मधुमेह असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

‘कॅप्सूलमध्ये आहे तेच तव्यावर’

हा दावा मला सर्वांत जास्त छळतो.

स्क्विडच्या तेलाच्या कॅप्सूल परदेशात मिळतात, हे खरं. माणसांसाठी मांस काढल्यावर जे अवशेष राहतात त्यातून ते तेल काढतात आणि त्यात ईपीएपेक्षा डीएचए जास्त असतं, हेही खरं. पण अवशेषापासून कॅप्सूलपर्यंत बरंच काही घडतं. तेल वेगळं काढतात, त्यातले चिकट पदार्थ आणि सुटी ॲसिडं काढून टाकतात, विरंजन माती वापरून रंग आणि धातूंचे अंश काढतात, निर्वात भांड्यात वास उडवतात, काही वेळा कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून नको ते प्रदूषक वेगळे करतात आणि शेवटी हवेशी संबंध येऊ नये म्हणून कॅप्सूलमध्ये बंद करतात. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालून वर येणारी मळी काढून टाकतात. गूळ आणि मळी दोन्ही एकाच रसातून निघतात, म्हणून कुणी मळी खात नाही.

ग्रंथीत तेलाखेरीज जे असतं त्यातलं सर्वांत धोक्याचं म्हणजे कॅडमियम हा विषारी धातू. स्क्विड, माकली, ऑक्टोपस या सगळ्या गटाचा हा स्वभाव आहे की अन्नातून आलेले धातू ते पाचक ग्रंथीत अडकवून ठेवतात. त्यांचं रक्त निळसर असतं, कारण ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी त्यात लोखंडाऐवजी तांबं वापरलेलं असतं. ते तांबं हाताळणारी यंत्रणा ग्रंथीत आहे आणि तिथेच कॅडमियमही येऊन साठतं. स्क्विडच्या यकृतात तांबं, चांदी, कॅडमियम आणि जस्त मोठ्या प्रमाणात सापडतं, हे १९७५ सालीच प्रसिद्ध झालं आहे. नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं की मांसात कॅडमियम थोडं असतं आणि शरीरातल्या एकूण कॅडमियमचा फार मोठा वाटा एकट्या ग्रंथीत असतो. प्रदूषण नसलेल्या खुल्या समुद्रातली स्क्विडही याला अपवाद नाही, कारण हा कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न नसून तिच्या शरीराच्या रचनेचा आहे.

यातला रसायनाचा भाग नीट लक्षात घ्या. कॅडमियम चरबीत विरघळत नाही. ते ग्रंथीतल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यामुळे तेल काढून शुद्ध केलं की कॅडमियम बहुतांशी चोथ्यात मागे राहतं आणि कॅप्सूलमध्ये फारसं येत नाही. तव्यावर तुम्ही चोथ्यासकट सगळंच खाता. परतल्याने, उकळल्याने, लिंबू पिळल्याने धातू नाहीसा होत नाही.

जागतिक अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने या गटातल्या प्राण्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम ठेवली आहे आणि तिथे स्पष्ट म्हटलं आहे की ही मर्यादा आतले अवयव काढलेल्या मांसासाठी आहे. म्हणजे मानक ठरवणाऱ्यांनी ग्रंथी खाण्याचा भाग म्हणून धरलेलीच नाही.

एक हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने माणसाला महिनाभरात सोसेल असं कॅडमियम शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम ठरवलं आहे. साठ किलोच्या माणसाला महिन्याला १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला ५०. आता समजा, फक्त हिशेबासाठी, ग्रंथीत किलोला १० मिलिग्रॅम कॅडमियम आहे. मेसेजमधले दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम धरले तर त्यातून १०० मायक्रोग्रॅम पोटात गेलं. दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट, आणि यात भात, भाजी, तंबाखू-सिगारेट यातून येणारं धरलेलंच नाही. हे रोज करायचं, असं मेसेज सांगतो.

कॅडमियम एकदा किडनीत बसलं की त्यातलं निम्मं कमी व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. ते किडनीच्या बारीक नलिका निकामी करतं, मग लघवीवाटे प्रथिनं आणि कॅल्शियम जायला लागतं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठच्या गावांत खाणीतून आलेलं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसं, विशेषतः वयस्क बायका, हाडं मोडून वेदनेने कण्हत राहिल्या. त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असं पडलं. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला आजार म्हणून मान्य केला. माकली खाऊन असं होतं, असं मी म्हणत नाही. तिथे वर्षानुवर्षांचा रोजचा भात कारण झाला होता. पण कॅडमियम शरीरात काय करतं ते आपल्याला तिथून कळलेलं आहे.

आमच्या गल्लीतल्या एका घरात सासऱ्यांना साखरेचा जुना आजार आहे आणि आता किडनीचे आकडेही बिघडलेत. त्यांची सून हा मेसेज घेऊन माझ्याकडे आली. “सर, आबांस्नी हे चालंल काय? हार्टला चांगलं म्हणत्यात. मी मासळीवालीला सांगून ठेवलंय, फेकू नको म्हणून.” ती बाई मनापासून सासऱ्यांची काळजी घेते. पदर खोचून पहाटे उठून त्यांचं वेगळं, कमी मिठाचं जेवण करते. आणि नेमक्या त्याच काळजीतून ती त्यांच्या थकलेल्या किडनीवर कॅडमियमचं ओझं टाकणार होती. मी तिला सांगितलं, काळीज अजिबात द्यायचं नाही, आणि मांसही किती द्यायचं ते किडनीच्या डॉक्टरांना विचार, कारण प्रथिनांचं प्रमाण तेच ठरवतील. असे मेसेज तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपल्या अक्षरांच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, याचा विचार करा.

ताजेपणाचाही प्रश्न आहेच. पाचक ग्रंथी म्हणजे पाचक रसांची पिशवी. माकली मेली की हे रस थांबत नाहीत, ते ग्रंथीलाच पचवायला लागतात. चरबी तुटून सुटी ॲसिडं होतात. ईपीएत पाच आणि डीएचएत सहा दुहेरी बंध असतात, त्यामुळे हवा लागली की ही ॲसिडं सर्वांत आधी खवट होतात. रत्नागिरीहून आंबा घाट चढून किंवा मालवणहून गगनबावड्यामार्गे माल इथे येईपर्यंत अंगाचं मांस बर्फात नीट टिकतं, आतला गोळा मात्र कधीच पाघळलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर मिळते ती बहुतेक गोठवलेली माकली. ज्या ओमेगा-३ च्या नावाने हे खायचं, तेच तोवर बिघडायला लागलेलं असतं.

‘जपानी लोक खातात, रोज दोन चमचे, ब्लॉकेज मोकळे’

जपानमध्ये स्क्विडचं यकृत खातात, हे बरोबर. शिओकारा नावाचा प्रकार आहे. स्क्विडच्या मांसाचे बारीक तुकडे त्याच्याच यकृताच्या लगद्यात मीठ घालून मुरवतात. पण तो ठेच्यासारखा चाखायचा पदार्थ आहे, वाटीभर खायचा नाही. स्क्विडची जात वेगळी, पकडल्याबरोबर साफ करायची शिस्त वेगळी. आणि मिठात मुरवलेल्या पदार्थांची सवय जपानला महागही पडली आहे. उत्तरेकडच्या अकिता भागात एके काळी मिठामुळे रक्तदाब आणि पक्षाघाताचं प्रमाण भयंकर होतं आणि मीठ कमी करण्याच्या मोहिमा तिथे राबवाव्या लागल्या. जपान्यांना हार्ट अटॅक कमी येतात याची कारणं त्यांच्या एकूण आहारात आहेत. मासे भरपूर, संपृक्त चरबी कमी, लठ्ठपणा कमी. त्यातून एक गोळा उचलून त्याला श्रेय देता येत नाही.

ओमेगा-३ आणि हृदय याबद्दल मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत. इटलीतल्या १९९९ च्या जिसी चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना रोज १ ग्रॅम दिल्यावर मृत्यू कमी झाले. जपानच्याच २००७ च्या जेलिस चाचणीत १८,६४५ जणांपैकी ज्यांना स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या) जोडीला शुद्ध ईपीए दिलं, त्यांच्यात हृदयविकाराच्या मोठ्या घटना १९ टक्क्यांनी घटल्या. उलट २०१८ च्या व्हायटल चाचणीत जवळपास सव्वीस हजार निरोगी माणसांना १ ग्रॅम देऊन मुख्य मोजमापात ठळक फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इटमध्ये ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने धोका २५ टक्क्यांनी कमी झाला, तर २०२० मध्ये निकाल आलेल्या स्ट्रेंग्थमध्ये ४ ग्रॅम ईपीए-डीएचए मिश्रणाने फायदा झाला नाही. आणि या दोन्ही मोठ्या डोसांच्या चाचण्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

या सगळ्या चाचण्यांत मोजून दिलेला, शुद्ध केलेला पदार्थ होता, आणि रुग्णांना तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चालू औषधांच्या जोडीला दिला होता. तुंबलेली नळी मोकळी करायचं औषध म्हणून यातल्या कुठल्याही तेलाला मान्यता नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाने हा मेसेज वाचून अँजिओग्राफी पुढे ढकलली, तर त्याची किंमत घरचे मोजतील.

मग खायचं काय?

माकली खा, पण साफ केलेली. डोकं ओढताना शाईच्या पिशवीबरोबर तो तपकिरी गोळा अख्खा निघाला पाहिजे. फुटला तर नळी उलटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आतला पारदर्शक काटाही काढा. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं किंवा मग मंद आचेवर चांगली पाऊण तास शिजवा, मधल्या वेळेत ती रबरासारखी होते. डाळीच्या पिठात बुडवून तळली तर ओमेगा-३ पेक्षा तळणीचंच तेल पोटात जास्त जाईल. बांगडा आणि तारली माकलीपेक्षा स्वस्त आहेत आणि हंगामात त्यांच्यात चरबी चांगली असते. पाऊस संपता संपता आलेली तारली तर या बाबतीत कुणालाही हार जाणार नाही. शाकाहारी घरात जवसाची चटणी जरूर असू द्या. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक ॲसिड, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, असतं, मात्र त्याचं ईपीए आपल्या शरीरात थोडंसंच होतं आणि डीएचए अगदीच नाममात्र. ज्यांना डॉक्टरांनीच डीएचए घ्यायला सांगितलं आहे अशा शाकाहारी लोकांसाठी समुद्री शैवालापासून काढलेलं तेल मिळतं. माशांच्या अंगातलं ओमेगा-३ मुळात सूक्ष्म शैवालांकडूनच आलेलं असतं.

मेसेजमधलं ‘फेकू नका’ हे एवढं वाक्य कारखान्याच्या पातळीवर बरोबर आहे. जिथे टनांनी स्क्विड साफ होते तिथे या ग्रंथी गोळा करून त्यांचं तेल आणि पावडर करतात आणि ती कोळंबीच्या, माशांच्या खाद्यात जाते. तिचा वास कोळंबीला खेचून घेतो आणि तिच्यातली लांब फॅटी ॲसिडं व कोलेस्टेरॉल वाढीला लागतात. तिथेही कॅडमियम मोजूनच ती किती मिसळायची ते ठरवावं लागतं. घरच्या ओट्यावर मोजायचं साधन नाही, म्हणून तिथे निघालेला गोळा कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका, आणि दारातल्या मांजराला रोज घालायची सवय लावू नका, कारण किडनी त्यालाही आहे.